व्हेप : टाकी, कॉइल आणि वॅटचे गणित

व्हेप अथवा ई-सिगारेट म्हणजे निकोटिनमिश्रित द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याचे, बॅटरीवर चालणारे उपकरण. चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये त्याला आजचे रूप दिले. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने त्याचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आली. उत्पादन वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तरीही मुंबईतल्या पानटपऱ्यांवरील छाप्यांत हा माल सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच.

उपकरणाची रचना साधी आहे. बॅटरी, धातूच्या तारेची कॉइल, तिला लागून कापूस आणि भोवती द्रवाची टाकी. प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचा द्रव कापसात मुरतो आणि कॉइल तापली की त्याची वाफ होते. कॉइल किती तापेल हे दहावीच्या विज्ञानातल्या सूत्राने काढता येते : विभवांतराचा वर्ग भागिले रोध. ३.७ व्होल्टला १ ओहमची कॉइल सुमारे १४ वॅट घेते, ०.५ ओहमची २७ आणि ०.२ ओहमची तब्बल ६८. रोध कमी, तशी ताकद जास्त. ग्लिसरीन अधिक असलेला दाट द्रव कापसात सावकाश चढतो, म्हणून त्याला रुंद छिद्रांची टाकी लागते. छोट्या पॉडला, म्हणजे टाकी व कॉइल एकत्र असलेल्या कुपीला, पातळ द्रव मानवतो. टाकीच्या कुवतीबाहेर वॅट वाढवले, तर तेल संपलेल्या कंदिलाच्या वातीसारखा कापूस करपतो.

या करपण्याचा प्रश्न केवळ चवीचा नाही. पोर्टलँड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की ३.३ व्होल्टला त्यांच्या उपकरणाच्या वाफेत फॉर्माल्डिहाइडची संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टला मात्र ती भरपूर निघाली. इतकी जळकी वाफ कोणी ओढणारच नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. आक्षेपात तथ्य आहे. पण वॅट कमी ठेवले म्हणजे धोका टळला, हा समज त्याहून फसवा. कमी वॅटच्या पॉडमध्ये निकोटिनचे क्षार वापरतात. ते घशाला खुपत नाहीत, त्यामुळे निकोटिनचे प्रमाण खूप वाढवता येते. युरोपीय संघात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तर अमेरिकेत गाजलेल्या जूल या व्हेपमध्ये हे प्रमाण जवळपास तिप्पट होते. व्यसन जडते ते याच निकोटिनाचे.

दुसरा धोका आगीचा. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात २८-२९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. तपासात हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखवले गेले आणि २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरांवर बंदी आणली. व्हेपमध्ये निखारा नसतो, पण आगीचे भय असते. बाजारात टॉर्चसाठी मिळतो तसा १८६५० सेल (व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५) पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो. त्याला ०.२ ओहमची कॉइल जोडली की २१ अँपिअर विद्युतधारा वाहते. कितीतरी साध्या सेलना एवढा भार झेपत नाही. ते तापतात, पेट घेऊ शकतात.

चोरट्या मालाच्या वेष्टनावरचे ओहमचे आणि निकोटिनचे आकडे तपासणारे कोणी नसते. द्रवात काय मिसळले आहे, हेही ओढणाऱ्याला कळत नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये मुख्यतः गांजाच्या अर्कात घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे २,८०० हून अधिक जणांना फुप्फुसाचा गंभीर विकार झाला. त्यांपैकी ६८ दगावले. टाकीला जुळणारे वॅट निवडून हा धोका तसूभरही कमी होत नाही.

सवय सोडण्यासाठी निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात कायदेशीर मिळते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ हा असून तिचे एक केंद्र मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाकडे आहे.