वेगनियंत्रक, मोटारगाडीचा
चालकाने ठरविलेला वेग प्रवेगकावर पाय न ठेवता कायम राखणारी प्रयुक्ती. ती क्रूझ कंट्रोल या नावानेच अधिक परिचित आहे. तिचे मूळ जेम्स वॉटच्या वाफेच्या एंजिनावरील केंद्रोत्सारी नियंत्रकात (१७८८) आढळते. राल्फ टीटर या अंध अमेरिकी अभियंत्यास १९५० मध्ये तिचे एकस्व मिळाले. त्यांच्या वकिलाची गाडी तो बोलू लागला की मंदावे व ऐकू लागला की वेग घेई. त्या हिसक्यांतून ही कल्पना सुचली, असे सांगतात. क्राइस्लर कंपनीने १९५८ मध्ये ती गाड्यांत आणली.

इलेक्ट्रॉनीय प्रकारात संवेदक वेग मोजतो व ठरविलेल्या वेगाशी पडणाऱ्या फरकानुसार थ्रॉटल झडप कमीअधिक उघडली जाते. केळापूर तालुक्यातून (जि. यवतमाळ) जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ सारख्या लांब रस्त्यावर ती सोयीची ठरते. मात्र साध्या प्रयुक्तीला समोरची बैलगाडी कळत नाही. चालकालाच ब्रेक दाबावा लागतो व तो दाबताच नियंत्रण सुटते.