एनएफएल: ९० मधले ५३ कोण, हे आधीच कसं ओळखतात?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. उन्हाळी सराव शिबिरात प्रत्येक संघाला ९० खेळाडू घेता येतात, पण ऑगस्टअखेर त्यातले ५३ च ठेवायचे असतात. म्हणजे एकेका संघातून ३७ जणांच्या हातात नारळ! हे ५३ कोण, याचे अंदाज चाहते आणि पत्रकार आधीपासूनच बांधू लागतात.

बहुतेक नावं सोपी असतात. खरी चुरस शेवटच्या काही जागांसाठी. तिथे नुसतं कौशल्य पुरत नाही. किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या 'स्पेशल टीम्स'मध्ये उपयोगी पडणारा रिसीव्हर, त्याच्याहून चांगले झेल घेणाऱ्यालाही मागे टाकू शकतो. दुसरी मेख 'वेव्हर्स'ची. कमी अनुभवाचा खेळाडू सोडला, की इतर कोणताही संघ त्याला उचलू शकतो; कुणी उचललं नाही तरच त्याला सराव पथकात परत घेता येतं. त्यामुळे कधी कच्चा पण होतकरू पोरगा टिकतो आणि जुनाजाणता बाहेर जातो.

अंदाज चुकतातही. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने चक्क चार क्वार्टरबॅक ठेवले. एरवी दोन-तीनच ठेवतात. चौथा होता ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेलेला टॉम ब्रेडी. उलट १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने कर्ट वॉर्नरला शिबिरातूनच घरी पाठवलं. तो किराणा दुकानात फळ्यांवर माल लावू लागला. जानेवारी २००० मध्ये त्यानेच सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला.