आजोबांचे खानखोजे आणि आजीचे

उन्हाळ्यात नागपूरच्या गच्चीवर पाणी मारून सतरंज्या टाकल्या, की आजोबा हमखास खानखोज्यांवर येत. “आपल्या वर्ध्याचं पोट्टं, अन् लेनिनले भेटून आलं!” ही सुरुवात ठरलेली. लेनिन कोण हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं. पण आजोबांच्या आवाजावरून तो कुणी मोठा असामी असणार, एवढं कळे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८४, वर्धा. आजोबांच्या गोष्टीत हा मुलगा सदा पळतच असे. घरातून पळाला, पोलिसांना चुकवून पळाला, टिळकांनी सांगितलं म्हणून जपानला गेला, तिथून अमेरिकेला. मुंबईचं बंदर सोडून कॅलिफोर्नियाला पोचायला आजोबांना एक पान चघळण्याइतकाच वेळ लागे. खिशात पैसा नाही, मग मिळेल ते काम करायचं, त्यावर शेतकीशास्त्र शिकायचं आणि शेतकीच्या आडून लष्करी शिक्षण घ्यायचं. सॅन राफेलच्या माउंट तमालपायस या लष्करी अकादमीत ते शिकले, हे खरंच आहे. आजोबा तिचं नाव मात्र दरवेळी वेगळं घेत.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत राबणारे हजारो पंजाबी होते. त्यांच्यातूनच १९१३ साली इंग्रजी राज्याविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर वर्ध्याचे खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळेही त्यात होते. महायुद्ध सुरू झालं तशा दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पिंगळे हिंदुस्थानात परतले, पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५मध्ये कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फासावर गेले. खानखोजे दुसऱ्या बाजूनं निघाले. तुर्कस्तान, इराण, मग बलुचिस्तानातून इंग्रजांवर चालून जायचं, असा बेत होता. सूफी अंबाप्रसादांसारखे सोबती होते, मागे जर्मनांची मदत होती.

इथं आजोबा उठून बसत. वाळवंट, उंट, घोडे, गोळीबार, इंग्रजांच्या हाती सापडणं, निसटणं, इराणी टोळीवाल्यांत लपून राहणं. मोहीम फसली, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. फसली होती. जर्मनीचं पारडं हलकं झालं आणि हिंदुस्थानच्या सीमेवरून फौज आत घुसवण्याचं स्वप्न इराणच्या धुळीतच राहिलं. पुढे बर्लिन, आणि १९२१ साली मॉस्को. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय वगैरे क्रांतिकारक मंडळींबरोबर खानखोजेही तिथं गेले होते. लेनिन भेटला, की आजोबांची गोष्ट संपली.

आजी पलीकडे निजलेली असे, निदान आम्हाला तसं वाटे. ती शेतकऱ्याच्या घरातली. एकदा तिनं अंधारातूनच विचारलं, “मंग पुढं काय केलं त्यानं?”

“मेक्सिकोत गेला. शेती केली.”

“म्हंजे कामाले तवा लागला.”

आजोबांना ते फार लागलं. माझं मत मात्र आजीकडेच झुकतं. लेनिनच्या भेटीनंतर हा माणूस ४६ वर्षं जगला, आणि त्याच्या आयुष्याचा ऐवज त्या वर्षांत आहे.

१९२४च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत पोचले. तिथली क्रांती नुकतीच थंडावली होती; मोठ्या जमीनदारांकडची जमीन गावांकडे यायला लागली होती. जमीन मिळाली, पण ती पिकवायची कशी, हा प्रश्न होता. मेक्सिको शहराजवळ चापिंगोला एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय शेतकी शाळा भरत होती. तिथं ते प्राध्यापक झाले. गव्हावर काम केलं, मक्यावर तर फारच. मक्याचं रानटी भाऊबंद असलेलं तेओसिंते नावाचं गवत त्याच देशात उगवतं. मक्याशी त्याचा संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले. शिवाय गावोगावच्या कुळांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. एका शाळेला शेतकरी क्रांतिकारक एमिलियानो सापाताचं नाव होतं. टीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीनं त्या शाळांची आणि कणसांचीही छायाचित्रं काढली. दिएगो रिव्हेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर पंगतीचं एक चित्र रंगवलं, त्यात पानावरची भाकरी मोडून देणारा जो मुख्य माणूस आहे, त्याला चेहरा खानखोज्यांचा दिला. मेक्सिकोतल्या सरकारी भिंतीवर वर्ध्याकडचा चेहरा! आजोबांना हे ठाऊक असतं तर लेनिन मागे पडला असता.

आजीचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. “अन् त्याच्या मायनं काय केलं?” त्याला गच्चीवर उत्तर नव्हतं. ज्याला चाळीसेक वर्षं उजळ माथ्यानं घरी येता येत नाही, त्याच्या घरात काय चालतं, हे साहसकथा सांगत नाहीत. मनस्वी माणसाच्या मोकळेपणाचं भाडं बहुधा दुसरंच कुणी भरत असतं.

मेक्सिकोतच १९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४९ साली मध्य प्रांताच्या सरकारनं त्यांना शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं, तर विमानतळावरच अडवलं गेलं. इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव खोडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ज्यांच्याविरुद्ध लढले ते गेले, त्यांची वही मात्र राहिली. याला काय म्हणावं! पन्नाशीच्या दशकात ते कुटुंबासह नागपुरात राहायला आले. आजोबांनी त्यांना लांबून पाहिलं होतं. बोलायचा धीर झाला नाही.

१९६६ साली भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांतीनं वेग घेतला. ते वाण नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्याचं श्रेय खानखोज्यांना देणं बरोबर होणार नाही. तरी चापिंगोला गव्हाची रोपं न्याहाळलेला एक माणूस तेव्हा नागपुरात होता, याची गंमत वाटतेच. पुढच्याच वर्षी, २२ जानेवारी १९६७ला ते गेले.

वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलंय, आणि कन्या सावित्री साहनींनी इंग्रजीत आठवणी. दोन्ही मिळवून वाचा. इराणच्या प्रकरणाशी मात्र थांबू नका. मक्याची पानं चाळून टाकायची नाहीत.