कादंबरीतला एव्हरेस्ट आणि हिंगणघाटची कबर

भा. रा. भागवतांमुळे मराठी वाचकाला ज्यूल व्हर्न परका राहिलेला नाही. पाणबुडी, चंद्रावरची स्वारी, ऐंशी दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा ही त्याची आपल्याकडची ओळख. १८७२ साली पुस्तकरूपाने आलेली, तीन इंग्रज आणि तीन रशियन शास्त्रज्ञांच्या दक्षिण आफ्रिकेतील मोहिमेची कादंबरी मात्र बाजूला पडली. मी ती वाचली ती एका नावासाठी. त्यातल्या इंग्रज पथकाचा प्रमुख आहे कर्नल एव्हरेस्ट!

कथा १८५४ सालची. रेखावृत्ताचा एक तुकडा काटेकोर मोजायचा, म्हणजे मीटर या मापाची खातरजमा होईल, एवढ्यासाठी दोन राष्ट्रांचे विद्वान ऑरेंज नदीवरून उत्तरेला निघतात. वाटेत क्रिमियाचे युद्ध सुरू झाल्याची बातमी येते. कालपर्यंत एका दुर्बिणीतून पाहणारे लोक रीतसर शत्रू होतात आणि मोहीम दुभंगते. फ्रान्स-प्रशिया युद्धाची जखम ओली असताना फ्रेंच वाचकाने हे प्रकरण कशा मनाने वाचले असेल, याची कल्पना करता येते. कादंबरीचा खरा जीव इथेच आहे. सिंहांच्या शिकारी मला तरी कंटाळवाण्या वाटल्या.

रशियन प्रमुखाचे नाव स्ट्रुक्स. हे पुल्कोवो वेधशाळेच्या स्ट्रूव्ह यांच्या नावाशी इतके जुळते की योगायोग म्हणवत नाही. स्ट्रूव्ह यांनी उत्तर नॉर्वेपासून डॅन्यूबच्या मुखापर्यंत नेलेले मोजमाप १८५५ मध्ये संपले. म्हणजे व्हर्नने दोन खऱ्या भूमापकांची नावे उचलली आणि त्यांना आफ्रिकेत एकमेकांसमोर उभे केले. खरा जॉर्ज एव्हरेस्ट १८४३ मध्येच हिंदुस्थानच्या सर्व्हेयर जनरल पदावरून निवृत्त होऊन मायदेशी परतला होता.

पण तो दक्षिण आफ्रिकेला गेला होता, ही गंमत आहे. हिंदुस्थानातल्या जंगलतापाने खंगलेला एव्हरेस्ट १८२०-२१ मध्ये हवापालटासाठी केपला राहिला. तिथे फ्रेंच ज्योतिर्विद लाकाय याने १७५२ मध्ये एक चाप मोजला होता. त्या आकड्यांवरून दक्षिण गोलार्धाचा आकार उत्तरेपेक्षा वेगळा ठरत होता, आणि हे कोडे सत्तर वर्षे सुटले नव्हते. एव्हरेस्टने लाकायच्या जागा धुंडाळल्या. त्याला संशय आला तो डोंगरांचा. ओळंबा सरळ खाली लटकतो असे आपण धरून चालतो. पण शेजारी मोठा डोंगर असेल तर तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. मग ताऱ्याची उंची चुकते, अक्षांश चुकतो आणि पृथ्वीचा आकारच बिघडतो. पुढे थॉमस मॅक्लिअरने १८४०च्या दशकात तो चाप नव्याने मोजला, तेव्हा हा संशय खरा निघाला.

हाच ओळंबा पुढे हिंदुस्थानात आडवा आला. मध्य हिंदुस्थानातले कल्याणपूर आणि हिमालयाजवळचे कलियाना यांच्या अक्षांशांतील फरक दोन पद्धतींनी काढला, तर उत्तरे सुमारे पाच विकलांनी वेगळी येत. जमिनीवर हे अंतर दीडशे मीटरच्या आसपास. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी हिशेब मांडला, तर हिमालयाने ओळंबा याच्या तिपटीने ओढायला हवा होता. म्हणजे पर्वत आपल्या आकाराच्या मानाने कमी ओढत होता! १८५५ मध्ये एअरीने सुचवले की पर्वताखाली हलक्या खडकाची खोल मुळे असावीत. व्हर्नचे नायक ज्या दिवसांत मकोलोलोंशी झुंजत होते, त्याच दिवसांत हे खरे साहस कागदावर चालले होते.

कादंबरीतला गणितज्ञ पलँडर हे विनोदी पात्र आहे. मगरींनी घेरलेला असताना तो लॉगॅरिथमच्या कोष्टकातली चूक शोधतो. पुढे त्याच्या नोंदवह्या माकड पळवते. आपण हसतो. १८३१ मध्ये एव्हरेस्टच्या कचेरीत गणक म्हणून लागलेला राधानाथ सिकदार मला त्या वेळी आठवला. खांबासारखे निशाण धरून टेकडीवर दिवस काढणारे खलाशी तर दोन्हीकडे बिननावाचे. आणि मकोलोलो? व्हर्नला ते लुटारूच दिसतात. आपल्या मुलखातून परक्यांची रेघ का जाते आहे, असा प्रश्न त्यांना पडू शकतो, हे त्याच्या मनात येत नाही. आपल्याकडे दृष्टिरेषेत येणारी झाडे तोडली गेली, घरेही पाडली गेली. त्या घरांच्या मालकांवर कोणी कादंबरी लिहिली नाही.

या रेघेची सुरुवात करणारा विल्यम लँब्टन व्हर्नच्या पुस्तकात नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना आदळला, तेव्हा त्याने तो स्वतः खपून दुरुस्त केला. नागपूरच्या वाटेवर, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. शिखराला मात्र नाव मिळाले त्याच्या मदतनिसाचे.