यंत्रातील खेळ आणि लिंबूटिंबूचा प्रश्न



खेळाचे नियम कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. ओसरीवर पट मांडून दोघे बसले की आधी बोली होई : प्यादे पहिल्या चालीला एक घर सरकणार की दोन, राजाला एकदा घोड्याची चाल द्यावयाची की नाही. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात ठिकठिकाणी असे भेद होतेच. अंगणातल्या खेळात धाकटे भावंड हट्ट धरून आले तर त्याला लिंबूटिंबू म्हणून घेत. ते पळे, ओरडे, पण बाद होत नसे. ही सवलत कोठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. समोर माणूस होता, म्हणून ती देता येत होती.

व्हिडिओ गेममध्ये बहुधा समोर असते ते यंत्र, आणि यंत्राशी बोली करता येत नाही. खेळाडूला जे काही बदलू द्यावयाचे ते खेळ रचणाऱ्यालाच आधी ठरवून ठेवावे लागते. ते किती असावे, ह्या वादाला आता चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास जमला आहे, आणि तो वाटतो तितका पोरकट नाही.

आरंभी हा अधिकार खेळाडूकडे नव्हताच. तो दुकानदाराकडे होता. जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो ह्यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. नाणे टाकून खेळावयाचे ते यंत्र. त्याच्या पोटात बारीक खटक्यांची एक पट्टी असे. एका डावात तोफा ३ द्यावयाच्या की ६, जादा तोफ १००० गुणांवर द्यावयाची की १५०० वर, हे मालक त्या खटक्यांनी ठरवी. १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्येही तशीच व्यवस्था होती. म्हणजे खेळ अवघड किती, ह्याचे उत्तर गल्ल्याशी बांधलेले होते : एक नाणे किती मिनिटे पुरावे ? ओघात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या खेळात शत्रू मरत जातात तसतसे उरलेले वेगाने चाल करून येतात. ही युक्ती कोणी योजलेली नव्हती. पडद्यावर काढावयाच्या आकृती कमी झाल्या की ते दुबळे यंत्र आपोआप जलद चाले. निशिकादोंना ते आवडले आणि त्यांनी ते तसेच ठेवले. चढत्या काठिण्याचे जे शास्त्र पुढे झाले, त्याच्या मुळाशी अशी एक यंत्राची लंगड आहे !

खेळ घरात आला तसा खटकाही घरात आला. अटारीच्या १९७७ च्या घरगुती यंत्रावर काठिण्याचे दोन खटके होते, एकेका खेळाडूला एकेक. बापाने आपला खटका अवघडावर ठेवावा, मुलीने सोप्यावर, आणि दोघांचा डाव रंगावा. हा लिंबूटिंबूच होय, फक्त लोखंडी. जपानात १९८६ साली 'ग्रॅडियस' हा खेळ घरगुती यंत्रासाठी उतरवीत असता काझुहिसा हाशिमोतो ह्यांना तो तपासण्यापुरताही पार करता येईना. तेव्हा त्यांनी गुप्त किल्ली घातली : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे आणि मग दोन बटणे. एवढे दाबले की सर्व शस्त्रे हाती येत. किल्ली खेळात तशीच राहिली आणि जगभर पोरांनी ती पाठ केली. जेथे कर्त्यालाच सवलत लागली, तेथे ती मागणाऱ्या खेळाडूस हसण्याचा अधिकार कोणाला आहे ?

पण हसले गेले. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी'मध्ये सर्वांत सोप्या पातळीचे नाव होते 'बाबा, मी खेळू का ?', आणि शेजारी नायकाचे चित्र, डोक्यावर टोपडे व तोंडात चोखणी. सवलत द्यावयाची आणि देताना घेणाऱ्याचा पाणउतारा करावयाचा, ही दानत आम्हांस पसंत नाही. अंगणातल्या थोरल्या मुलांना ह्याहून अधिक रीतभात होती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच कंपनीने १९९३ च्या 'डूम'मध्ये खेळाचे नकाशे व चित्रे निराळ्या फाइलीत ठेवली, म्हणून हजारो खेळाडूंनी आपापले नवे किल्ले बांधले. त्याच वाटेने १९९८ च्या 'हाफ-लाइफ'वर दोन हौशी तरुणांनी १९९९ साली 'काउंटर-स्ट्राइक' उभारला आणि तो मूळ खेळाइतकाच गाजला. मात्र हे स्वातंत्र्य समर्थांचे. ज्याला पहिला टप्पाच ओलांडवत नाही त्याला नकाशे रचण्याच्या मुभेचा काय उपयोग ?

उलट पक्ष दुबळा नाही. मार्च २०१९ मध्ये फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'सेकिरो' आला. त्यात काठिण्य कमी करण्याची सोय नव्हती, आणि मोठा वाद माजला. त्या पक्षाचे म्हणणे असे : वारंवार मरून शिकणे हाच ह्या खेळाचा गाभा आहे, आणि सर्वांनी एकच घाट चढला ह्यातच चढणाऱ्यांचे बंधुत्व आहे. हे खरे आहे. शिवाय दहा सोयी, प्रत्येकी चालू वा बंद, एवढे जरी ठेवले तरी १०२४ निरनिराळे खेळ होतात. ते सर्व कोण तपासणार? आणि दारातच 'सोपा हवा की अवघड ?' असे विचारणे म्हणजे घास घेण्यापूर्वीच मीठ किती ते विचारणे. नवख्याला ते कसे ठाऊक असावे ? १९०० च्या नव्हे, २००५ च्या 'रेझिडेंट इव्हिल ४'ने ह्यावर तोड काढली होती; खेळाडू वारंवार हरला की यंत्र निमूटपणे शत्रूंचा जोर कमी करी. सोय मोठी, पण न सांगता केलेली. आम्हांला ती थोडी खटकते. लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे माहीत असे.

आमच्या मते वादाची गाठ २०१८ साली सैल झाली. मॅडी थोर्सन व सहकाऱ्यांच्या 'सेलेस्ट' ह्या डोंगर चढणाऱ्या मुलीच्या खेळात, जो मुळात कठीणच आहे, खेळाची गती टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत उतरविता येते, दम अखंड ठेवता येतो, मरणही टाळता येते. काठिण्य हे आमच्या खेळाचे अंग आहे, असे आधी सांगून मग ही किल्ली उघडपणे हाती दिलेली. जिद्दीच्या खेळाडूचा डोंगर त्याने तसूभरही खचला नाही. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये साठांहून अधिक सोयी होत्या, आणि ध्वनींच्या खुणांवर अंध माणसांनाही तो खेळता आला.

येथे एक भेद करावा असे आम्ही सुचवितो. बोटे, डोळे, कान ह्यांच्याशी जे संबंधित आहे, म्हणजे बटणांची मांडणी, अक्षरांचा आकार, रंग, गती, ते सर्व खेळाडूच्या स्वाधीन करावे. त्यात कर्त्याने मान अडवू नये. डोंगर कोणता, शिखर कोठे, वाट कोणत्या कड्याने, हे मात्र कर्त्याचेच. त्यात खेळाडूने ढवळाढवळ मागितली तर कर्त्याने खुशाल नाही म्हणावे.

फ्रॉमसॉफ्टवेअरने २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये काठिण्याची यादी तर दिली नाहीच, पण साहाय्यास आत्मे बोलाविण्याची विद्या खेळातच ठेवली. एखादा शत्रू आवरेना तर दुसरीकडे भटकून बळ वाढवून परत येण्याचीही मोकळीक ठेवली. अनेक नवखे त्यामुळे आत शिरले. आत्म्यांच्या मदतीने मिळविलेला जय खरा नव्हे, असे म्हणणारे खेळाडूच मग निघाले. आणि ज्याचा हात थरथरतो त्याला गती थोडी उतरविण्याची सोय त्या खेळात ठेवलेली नव्हती.