रमाबाईंची आठ वर्षे

पंडिता रमाबाई ख्रिस्ती केव्हा झाल्या, हे चरित्रकोश उघडले की लगेच सापडते. २९ सप्टेंबर १८८३ या दिवशी इंग्लंडात वाँटेज या गावी त्यांनी आपल्या अडीच वर्षांच्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला. नोंद बरोबर आहे. पण खुद्द बाईंना विचारले असते, तर त्यांनी निराळे साल सांगितले असते. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. तिचा आशय असा, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. जिवाला विसावा मिळाला तो १८९१च्या सुमारास. आमच्याकडे वाद झाला तो बाप्तिस्म्याचा. सुधारकांना शारदासदन हवे होते, विरोधकांना धर्मांतर हवे होते. मधली आठ वर्षे कोणालाच नको होती. आज आम्ही त्यांच्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि मोठे हट्टी. पत्नीला संस्कृत शिकवीन म्हणाले, आणि लोकांचा विरोध पत्करून सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड करून शिकवले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच घर मोडले आणि यात्रा सुरू झाली. मुलीला टोपलीत घालून नेले, असे त्या स्वतः सांगत. पुढे पंधरा-सोळा वर्षे हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराण सांगत हिंडले. दक्षिणा मिळे ती दानधर्मात जाई. स्नाने, प्रदक्षिणा, उपास, ब्राह्मणभोजने यांत कसूर म्हणून नव्हती. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होते नव्हते ते देवाब्राह्मणांस देऊन झाले. मोलमजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज. शेवटी सारे कुटुंब मरण्याच्या निश्चयाने रानात शिरले. अकरा दिवस पाणी आणि झाडाचा पाला यांवर काढले. १८७४ साली वडील गेले, त्यांच्यामागून लवकरच आई गेली, मग थोरली बहीणही.

एखाद्याला वाटेल की इथे मुलीची श्रद्धा उडाली असेल. तसे झाले नाही. ती आणि तिचा भाऊ श्रीनिवासशास्त्री पायी उत्तरेकडे निघाले आणि व्रते पाळीतच राहिले. झेलमच्या काठी अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून दोघांनी गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली आणि थंडीची रात्र काढली. नियमात कोठे तरी उणे राहिले असेल म्हणून फळ मिळत नाही, अशी त्यांची समजूत होती. कष्टाचे उत्तर आणखी कष्ट. ही समजूत त्या बापाकडून शिकल्या होत्या, आणि आमच्या मते ती त्यांच्या बरोबर पुढे विलायतेलाही गेली.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मान झाला, परंतु त्याच काळात धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचताना बाईंना एक गोष्ट दिसली, आणि ती त्यांना कायमची लागली. ग्रंथांचे हजार बाबतींत मतभेद असले, तरी स्त्रियांविषयी आणि शूद्रांविषयी त्यांचे एकमत होते. स्त्रीने कितीही तप केले तरी मोक्षाचा सरळ मार्ग तिला नाही. म्हणजे झेलमकाठची ती रात्र हिशेबात धरलीच जाणार नव्हती! ज्या जिन्याच्या पायऱ्या चढता चढता आईबाप गेले, त्याच्या वरचे दार आपल्यासाठी बंदच आहे, हे कळलेल्या विशीतल्या मुलीची अवस्था श्रोत्यांनी मनात आणावी.

भावाचा मृत्यू, १८८०मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, १८८२मध्ये वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. विलायतेला बाई गेल्या त्या वैद्यक शिकण्यासाठी, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत राहिला. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम दाखवले. अशा स्त्रियांवर कोणी दया करावी, हेच बाईंना नवे होते. याचे मूळ कशात, असे विचारले तेव्हा विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलणाऱ्या येशूची गोष्ट सांगण्यात आली. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे.

आता त्या आठ वर्षांकडे येऊ. बाईंनी धर्म स्वीकारला आणि लगेच त्याच्याशी भांडण मांडले. सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापला गेला आहे. तो वाचताना आम्हांस कित्येकदा हसू आले आणि आदरही वाटला. त्रैक्याचे तत्त्व बुद्धीला पटेना. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, मला लॅटिन येत नाही, संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल. हा पंथ खरा की तो, कोणाचे मानावे, कोणाचे नाही! सिस्टर जेराल्डीनला यात गर्व दिसला. आम्हांस त्यात अनंतशास्त्र्यांची कन्या दिसते. पूर्वी नियम पाळून मुक्ती मिळवायची होती, आता मते नेमकी जुळवून मिळवायची. परीक्षक बदलले, अभ्यास चालूच. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले, कामाचा डोंगर उभा राहिला. पण मन थाऱ्यावर नव्हते.

अशा वेळी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. या हॅस्लमची हकीकत मोठी विलक्षण आहे. कॉर्नवॉलमधल्या बॉल्डू गावचा हा नेमलेला पाद्री. वर्षानुवर्षे उपासना चालवीत असे. १८५१ साली एके रविवारी प्रवचन करता करता त्यालाच उमगले, की आपण इतरांना सांगतो ते आपल्याला मिळालेले नाही. आणि व्यासपीठावरच त्याचे हृदय पालटले. श्रोत्यांतला एक जण ओरडला, पाद्रीबुवाच तरले! वेस्लीची गोष्ट याच घाटाची. ऑक्सफर्डात उपास केले, कैद्यांची सेवा केली, जॉर्जियापर्यंत समुद्रप्रवास केला, आणि शांती मिळाली ती २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये, लूथरने रोमकरांच्या पत्रास लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचीत असता. आणि लूथर तरी कोण? उपासतापासाने झिजलेला जोगीच. या साऱ्यांना कळले ते एवढेच, की विसावा हा कष्टाचा मोबदला नसून दान आहे, आणि दान घ्यायला हात रिकामे असावे लागतात. बाईंनीही आपले हात रिकामे केले. त्रैक्याचे कोडे सुटले म्हणून नव्हे. ते सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही, हे कळले म्हणून. या अनुभवाचा खरेखोटेपणा ठरविणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. त्याने पुढे काय घडले ते पाहावे.

इथे एक विचार सहज मनात येतो. कष्टाविना मिळणाऱ्या विसाव्याची भाषा वारकऱ्यांना परकी नाही. ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. रमाबाईंच्या वाट्याला तो पूल आला नाही. त्यांच्या घरी पुराणे होती, शास्त्रे होती, अभंग नव्हते.

पुढे जे घडले ते पुण्यातच घडले. बाई सकाळी मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. सदनात धर्माचा उपदेश होणार नाही, या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, आणि रानडे-भांडारकरांनी आपल्या नावाची पत त्यामागे लावली होती. १८९३ साली गिल्ला झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळ बाजूला झाले, वीस-पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. रानडे-भांडारकरांची बाजू आम्हांस अन्यायाची वाटत नाही. दिलेला शब्द मोठाच होता. पण बाईंना ते दार लावून घेता आले नसते, हेही तितकेच खरे. आठ वर्षे धुंडाळून सापडलेली वस्तू कडी घालून ठेवायची कशी? त्याच वर्षी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, हेही विसरू नये.

आणि विसावा मिळालेली ही बाई विसावली मात्र नाही! १८९६-९७च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, मुक्तिसदन उभारले. स्वतःच्या आईबापांना ज्या दुष्काळाने नेले, त्याच्याच तोंडातून ती दुसऱ्यांची लेकरे ओढून काढीत होती. पण आता यात पुण्याचा जमाखर्च नव्हता. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने सबंध बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतले, शेतावरच्या बाईलाही कळावे म्हणून. १९२१ साली मनोरमा आईच्या आधी गेली. काम थांबले नाही. ते पुरे झाले आणि थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावात बाईंना झोपेतच मरण आले.