माऱ्याची जागा

इंग्रजी ‘व्हँटेज’ म्हणजे प्रतिपक्षावर वरचढ ठरविणारे स्थान. जुन्या फ्रेंचमधील ‘अव्हांताज’चा आरंभीचा स्वर गळून हा शब्द घडला, मुळाशी ‘अव्हां’, म्हणजे पुढे. (‘अ‍ॅडव्हांटेज’मधला ‘ड’ लॅटिन व्युत्पत्तीच्या गैरसमजातून मागाहून घुसला!) मराठीत ‘मोक्याची जागा’ रूढ आहे, त्यातील ‘मोका’ अरबी वळणाचा. दुर्गशास्त्राचा नेमका शब्द मात्र ‘माऱ्याची जागा’.

१७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले, की किल्ल्याशेजारी दुसरा डोंगर नसावा. असल्यास सुरुंगाने फोडावा, ते न साधल्यास तोही बांधून काढावा.

हिरकणीवाडीतून वर पाहिले, की रायगडाचा ताशीव कडा अजिंक्यच भासतो. चढून येणाऱ्यासाठी तो तसा होताही. पण १८१८ च्या उन्हाळ्यात कर्नल प्रॉथरने वेढा घातला, तेव्हा समोरचा पोटल्याचा डोंगर इंग्रजांच्या हाती माऱ्याची जागा म्हणून आला. तोफगोळ्यांनी गडावर आगी लागल्या, राजवाडा जळाला. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावरच होत्या. १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला.